नदीचं पाणी मोजतं कोण?

प्रश्न : अलमट्टीच्या विसर्गावरून आमच्याकडे दर पावसाळ्यात वाद होतो. एकाच देशातली दोन राज्यं भांडतात, मग गंगेचं पाणी भारत आणि बांगलादेश कसं वाटून घेतात? समोरच्याच्या आकड्यावर विश्वास ठेवतात?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ठेवत नाहीत, म्हणून तर सोबत मोजतात! १२ डिसेंबर १९९६ च्या गंगा करारात ही सोय आहे. १ जानेवारी ते ३१ मे या काळात आपले अभियंते बांगलादेशात हार्डिंज पुलापाशी जातात, त्यांचे पश्चिम बंगालमधल्या फराक्का बंधाऱ्यावर येतात, आणि रोजचा प्रवाह एकत्र नोंदवला जातो. वाटप दहा-दहा दिवसांच्या हिशेबानं. फराक्क्याला ७० हजार क्युसेकपर्यंत पाणी आलं तर निम्मं-निम्मं. ७५ हजारांच्या वर गेलं की भारताला ४० हजार, उरलेलं त्यांना.

माझी सगळी नोकरी नदीमापनात गेली, म्हणून सांगतो, दोन प्रामाणिक माणसांचेही आकडे जुळत नाहीत. पात्राचे उभे भाग पाडायचे, प्रत्येकाची खोली घ्यायची, पृष्ठभागापासून त्या खोलीच्या ०.६ वर करंट मीटर, म्हणजे पाण्याचा वेग मोजणारं यंत्र, सोडायचं आणि ठरलेल्या वेळात चक्र किती फिरलं ते मोजायचं. वाऱ्यानं होडी सरकली की बोंबललं! त्यात पुरानंतर तळाची वाळू हलते, मग अमुक पातळीला अमुक विसर्ग हा गेल्या वर्षीचा तक्ता यंदा चुकीचा ठरतो. घरी बसून याला कोणी लबाडीच म्हणेल. शेजारी उभ्या असलेल्याला मात्र कारण दिसतं.

अर्थात एकत्र मोजून पाणी वाढत नाही. वाटपाचं वेळापत्रक १९४९ ते १९८८ च्या सरासरीवर बेतलंय आणि फराक्क्याच्या वर जो उपसा होतो, तो या मोजणीत धरलेलाच नाही. भारत-बांगलादेशातल्याच तिस्ता नदीचा करार तर २०११ मध्ये सहीपर्यंत येऊन अडला, तो पश्चिम बंगालच्या विरोधामुळे. तिथं करंट मीटर काय करणार?

तुमचा वाद पुराचा, फराक्क्याचा टंचाईचा. एकाचं औषध दुसऱ्याला जसंच्या तसं लागू पडायचं नाही. तरी राज्याच्या सीमेजवळ कृष्णेवर असलेल्या राजापूर बंधाऱ्यापाशी दोन्ही राज्यांच्या अभियंत्यांनी एकाच नोंदवहीवर रोज सह्या कराव्यात, एवढी मागणी तुम्ही सांगलीकरांनी लावून धरायला हरकत नाही.