केअर होममध्ये रुजू होण्यापूर्वी

इंग्लंडमधील केअर होममध्ये, म्हणजे काळजीची गरज असलेल्यांच्या निवासी केंद्रात, तुम्हाला ॲक्टिव्हिटीज कोऑर्डिनेटर आणि सपोर्ट वर्कर अशा दोन्ही जागांसाठी बोलावणे आले असेल, तर पगाराच्या आकड्याआधी करारातील कामांची यादी सावकाश वाचावी. सपोर्ट वर्करकडे आंघोळ, जेवण, ने-आण आणि रोजच्या नोंदी असतात. रहिवाशांचा दिवस नुसता खुर्चीत जाऊ नये, हे पाहणे कोऑर्डिनेटरचे काम. प्रत्यक्षात माणसे कमी पडली की कोऑर्डिनेटरलाच जेवण भरवायला उभे करतात आणि ठरलेला गाण्यांचा कार्यक्रम बारगळतो. माझ्या पहिल्या वर्षी हे इतक्यांदा घडले की मी त्याची वेगळी नोंद ठेवू लागले. कार्यक्रम म्हणजे बिंगोच (हाऊजीसारखा आकड्यांचा खेळ), असेही समजू नये. स्मृतिभ्रंश झालेल्या एका शिवणकाम करणाऱ्या आजींना बिंगोचा कंटाळा होता, पण बटणांचा डबा पुढे ठेवला की त्या तासभर रंग जुळवत बसत.

एप्रिल २०२५ मध्ये २१ वर्षे व त्यापुढील वयाच्या कामगारांसाठी किमान वेतन ताशी १२.२१ पौंड झाले आणि या दोन्ही कामांचा पगार बहुधा किमान वेतनाच्या आसपासच घुटमळतो. सक्तीच्या प्रशिक्षणाचे तास पगारी तासांत धरावेच लागतात, आणि गणवेशाच्या कपातीमुळे वेतन किमान दराखाली जाता कामा नये. मात्र ‘स्लीप-इन’ पाळीत, म्हणजे रात्री तिथेच झोपून गरज पडली तरच उठायचे अशा पाळीत, ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानुसार, कामासाठी जागे राहिलेला वेळच किमान वेतनासाठी मोजतात. म्हणून त्या रात्रीची ठोक रक्कम लेखी मागून घ्यावी.