अर्धशिशीसोबत दमा, उदासी आणि निद्रानाश असेल तर कोणतं औषध?

तुम्ही विचारलंय: वय 36, गोव्यात वेर्ण्याला दिवस-रात्र पाळ्यांची नोकरी, महिन्यातले 12 दिवस अर्धशिशी, जोडीला दमा, झोप उडालेली, मन उदास. प्रत्येकासाठी वेगळे डॉक्टर. आता कुणाचं ऐकायचं?

सगळ्या चिठ्ठ्या एकाच न्यूरॉलॉजिस्टपुढे ठेवा. बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) ओपीडी आहे, पण इनहेलर आणि चालू गोळ्यांची पाकिटं घेऊनच जा. अर्धशिशीचं रोजचं औषध सोबतचे आजार बघूनच निवडावं लागतं. प्रोप्रॅनोलॉल सर्रास दिलं जातं, ते श्वासनलिका आवळतं, म्हणून दम्यात नको. फ्लुनारिझीनने उदासी वाढू शकते, वजनही. म्हणजे नेहमीची दोन नावं तुमच्यासाठी बाद. अमिट्रिप्टिलीन रात्री 10 मिलिग्रॅमपासून सुरू करतात, झोपेलाही मदत होते. मात्र उदासीवरची गोळी आधीच चालू असेल तर आधी सांगा, काही जोड्या घातक ठरतात. रात्रपाळीच्या आठवड्यात अमिट्रिप्टिलीन कधी घ्यायचं हेही विचारून घ्या, नाहीतर मशीनवर गुंगी यायची. टोपिरामेटने वजन उतरतं, पण मूतखडा होऊ शकतो, मन खचू शकतं आणि गरोदरपणात बाळाला धोका असतो. यातलं कुठलंही औषध असो, गुण यायला सहा-आठ आठवडे लागतात. पंधरा दिवसांत ‘लागू पडत नाही’ म्हणून सोडू नका.

दुखतं तेव्हा घ्यायच्या गोळ्या मोजा. कॅफिन घातलेल्या मिश्र गोळ्या किंवा ट्रिप्टान (खास अर्धशिशी थांबवायच्या गोळ्या) महिन्यात 10 दिवस, साधं पॅरासिटामॉल 15 दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की गोळीच डोकं दुखवू लागते. तुमचं डोकं 12 दिवस दुखतं; दर वेळी मिश्र गोळी किंवा ट्रिप्टान घेत असाल तर 10 दिवसांची हद्द ओलांडली जाते, म्हणून हे आधी तपासा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकने दम्याच्या काही रुग्णांना धाप लागते, तेव्हा फार्मसीतून स्वतःहून आणू नका.

दुखण्याआधी डोळ्यांपुढे चकाकती नागमोडी रेघ येते का? येत असेल आणि इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी चालू असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना लगेच सांगा. पक्षाघाताचा धोका वाढतो, सिगारेट असेल तर आणखीच.

कामाची पाळी बदलली तरी जेवण चुकवू नका.

क्षणात शिगेला पोचलेली डोकेदुखी, जीभ अडखळणं किंवा एका हातापायातलं बळ जाणं: यात गोळी गिळून वाट पाहू नका, 108 ला फोन करा.