चांगला गेम पडून का राहतो?

प्रश्न : प्लेस्टेशन २ या जुन्या गेम-मशीनवरचा ‘ओकामी’ मी अजूनही दर वर्षी एकदा खेळतो. इतका देखणा गेम तेव्हा खपला नाही आणि ‘मारिओ कार्ट’सारखा साधा शर्यतीचा गेम मात्र कोट्यवधी घरांत गेला. लोकांना चांगल्याची पारखच नाही का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : पारख असते हो. बारा वर्षं गेमच्या दुकानात काउंटरवर उभा होतो, म्हणून खात्रीनं सांगतो. पण गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारतं ते, “आमच्याकडच्या मशीनवर चालेल का?”

‘मारिओ कार्ट ८’चंच बघा. २०१४ मध्ये तो निन्टेन्डो कंपनीच्या ‘वी यू’ या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेम-मशीनवर आला. गेम झकास, पण ते कन्सोलच जगभरात जेमतेम १ कोटी ३५ लाख खपलं. गेम गेला ८४ लाखांच्या आसपास, म्हणजे दहा वी यूंमागे सहा. आणखी घेणार कोण? २०१७ मध्ये थोडी भर घालून तोच गेम निन्टेन्डोच्याच पुढच्या मशीनवर, ‘स्विच’वर आणला आणि तो ६ कोटींच्या पुढे गेला.

त्यात स्विचच्या रचनेचाही हात आहे. तिच्या दोन्ही बाजूंचे कंट्रोलर सरकवून काढता येतात. एकेक आडवा धरला की दोन भावंडांच्या हातात एकेक. माझ्याकडे एक आजी आल्या होत्या, गेमचं नावही त्यांना ठाऊक नव्हतं. “दोघांना एकदम खेळता येतं ना? नाहीतर घरी मारामाऱ्या,” एवढंच विचारलं. मी कंट्रोलर काढून त्यांच्या हातात दिला, त्यांनी अंगठ्यानं बटण दाबून पाहिलं आणि पिशवी पुढे केली.

आता तुमचा ओकामी. इथे मशीनची सबब चालत नाही, कारण प्लेस्टेशन २ तर १५ कोटींहून जास्त विकलं गेलं. घात वेळेनं केला. ओकामी आला २००६ मध्ये, आणि त्याच नोव्हेंबरात जपान-अमेरिकेत प्लेस्टेशन ३ आलं. ज्यांना गेमची हौस, तेच नव्या मशीनसाठी पैसे साठवत होते. शिवाय तो एका वाक्यात सांगता येत नाही. पांढऱ्या लांडग्याच्या रूपातली सूर्यदेवता, आणि खेळणाऱ्यानं कुंचल्यानं पडद्यावर गोल काढला की आकाशात सूर्य उगवतो! हे हातात घेतल्याशिवाय कळत नाही; खोक्यावरच्या चित्रावरून तर नाहीच. मारिओ कार्ट समजायला पाच सेकंद पुरतात.

ओकामी करणारा क्लोव्हर स्टुडिओ २००७ मध्ये बंद झाला, याचं मला आजही वाईट वाटतं. पण गेमची प्रकाशक कंपनी कॅपकॉमनं तो सोडला नाही. वी (वी यूच्या आधीचं मशीन), प्लेस्टेशन ३, प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन, स्विच, असा तो नव्या नव्या मशीनवर येत राहिला आणि दर वेळी नवे खेळणारे मिळवत गेला. डिसेंबर २०२४ मध्ये त्याचा पुढचा भाग जाहीर झाला, दिग्दर्शक तेच, हिदेकी कामिया. तुमची जुनी डिस्क जपून ठेवा, आणि घरात कोणी लहान असेल तर एकदा कंट्रोलर त्याच्या हातात द्या.