'से' म्हणजे समुद्र नव्हे

प्रश्न असा आहे: जुन्या गोव्यातल्या मोठ्या चर्चला कुणी 'सी कॅथीड्रल' लिहितं, कुणी 'से'. समुद्राजवळचं म्हणून 'सी' का? आणि बरोबर कोणतं?

बरोबर 'से'. समुद्राचा इथे काडीचाही संबंध नाही. चर्चच्या जवळून वाहते ती मांडवी. समुद्र गाठायचा तर पणजीच्याही पुढे जावं लागतं.

'से' हा पोर्तुगीज शब्द. तो लॅटिन 'सेदेस'वरून आला, अर्थ बसायची जागा, आसन. लिस्बनच्या आणि पोर्तूच्या मुख्य चर्चलाही तिथले लोक नुसतं 'से' म्हणतात. रोमन लिपीतला हा शब्द आपण इंग्रजी वळणाने वाचला आणि त्याचा 'सी' झाला. गंमत म्हणजे व्हॅटिकनच्या बातम्यांत 'होली सी' (पोपचं धर्मपीठ) येतं, तिथला 'सी' याच लॅटिन शब्दाचा इंग्रजी अवतार आहे, समुद्र तिथेही नाही. पण गोव्यातलं नाव पोर्तुगीजांनी ठेवलेलं आहे, तेव्हा ते त्यांच्याच उच्चाराने लिहावं.

आता 'कॅथीड्रल'. ग्रीकमध्ये 'काथेद्रा' म्हणजे खुर्ची. इंग्रजी 'चेअर' आणि पोर्तुगीज 'कादैरा' हे दोन्ही त्याचेच वंशज. म्हणजे 'से' हेही आसन आणि 'काथेद्रा' हेही आसन. 'से कॅथीड्रल' हा आपला पिवळा पीतांबर झाला! तरीही मी तो खोडणार नाही. 'पावरोटी'तला पाव म्हणजे पोर्तुगीजांची रोटीच, म्हणून ती कुणी चुकीची ठरवत नाही.

मला सगळ्यात भावतं ते याच्या मुळाशी आहे. लॅटिन 'सेदेस', ग्रीक 'काथेद्रा'मधला 'हेद्रा' आणि संस्कृत 'सद्' हा धातू, तिन्ही एकाच मुळाची. सदन, संसद, परिषद, सभासद हे रोजचे शब्द त्याच घरातले. अर्थाची चालही आपल्या ओळखीची: शंकराचार्यांचं पीठ, मठाची गादी. बसायची वस्तू आधी, मग तिथला अधिकार, मग ती वास्तू.

म्हणूनच सर्वात मोठं किंवा सर्वात प्रसिद्ध चर्च म्हणजे कॅथीड्रल, हा समज सोडायला हवा. ज्या चर्चमध्ये धर्मप्रांताच्या बिशपचं, म्हणजे तिथल्या प्रमुख धर्मगुरूचं आसन, ते कॅथीड्रल. समोरच्या बॉम जेझूत संत फ्रान्सिस झेवियरचे अवशेष आहेत, गर्दीही तिथेच जास्त. पण ते बॅसिलिका आहे, म्हणजे पोपने खास मान दिलेलं चर्च, कॅथीड्रल नव्हे. मुंबईतही माउंट मेरी बॅसिलिका, आणि आर्चबिशपचं कॅथीड्रल म्हणजे कुलाब्याचं होली नेम. गोव्यात एरवीच्या चर्चला 'इगर्ज' म्हणतात, तो पोर्तुगीज 'इग्रेजा'.

वास्तू मात्र खरोखरच मोठी. पोर्तुगीज सेनानी अफोन्सो दे आल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोवा जिंकला, तो संत कॅथरिनचा सण, म्हणून चर्च तिच्या नावाचं. (कॅथरिन आणि कॅथीड्रल यांतलं 'कॅथ' हा निव्वळ योगायोग.) आजच्या इमारतीचं काम १५६२ मध्ये सुरू झालं, १६१९ मध्ये बांधकाम संपलं, वेद्या पुऱ्या व्हायला १६५२ उजाडलं. लांबी सुमारे ७६ मीटर. भिंती जांभ्या दगडाच्या, वर चुन्याचा गिलावा. समोरच्या हिरवळीवर उभं राहिलं की दर्शनी बाजू एकीकडे लंगडी दिसते: डाव्या हाताला मनोरा आहे, उजव्या हाताला नुसतं आभाळ. उत्तरेकडचा मनोरा १७७६ मध्ये कोसळला तो पुन्हा बांधलाच नाही. उरलेल्या मनोऱ्यातल्या घंटेला तिच्या मधुर नादामुळे 'सोन्याची घंटा' म्हणतात. आत मुख्य वेदीमागे सोनेरी मुलाम्याच्या कोरीव चौकटींत कॅथरिनच्या जीवनातले आणि हौतात्म्याचे प्रसंग आहेत. तिथे थोडा वेळ मान वर करून उभं राहावं.

गोव्याचे आर्चबिशप आज राहतात पणजीत, आल्तिनोच्या टेकडीवर. त्यांच्या धर्मप्रांताचं कॅथीड्रल अजून जुन्या गोव्यातलंच. तेव्हा लिहिताना 'से कॅथीड्रल' लिहा. नुसतं 'से' लिहिलंत तर आणखी छान, गोव्यातल्या माणसाला ते लगेच कळेल.