वाचकांचे प्रश्न : माग चालू, मोजणी ठप्प

प्रश्न : यंत्रमागाचे पिक (आडव्या धाग्याच्या फेऱ्या) मोजायला एफपीजीए (हवं ते सर्किट आत रचता येणारी चिप) बोर्डावर काउंटर केलाय. क्लॉक ५० मेगाहर्ट्झ, माग मिनिटाला साधारण १५० पिकांचा. सेन्सरचा सिग्नल लेव्हल जुळवून थेट स्टेट मशीनला (ठरलेल्या अवस्थांमधून क्रमाने जाणाऱ्या सर्किटला) दिलाय. सिम्युलेशन चोख चालतं, पण मागावर लावलं की दोन-चार मिनिटांत स्टेट मशीन अडकतं, रीसेट केल्याशिवाय सुटत नाही. कपॅसिटर लावूनही फरक नाही. मित्र म्हणतात, मेटास्टेबिलिटी (सर्किट काही काळ ० आणि १ च्या मध्ये लटकणं) आहे. शिवाय डिस्प्ले वेगळ्या क्लॉकवर आहे, तिथे मधूनच भलताच आकडा दिसतो. (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : कोड सोबत पाठवलात ते बरं झालं. स्टेट मशीन वन-हॉट (प्रत्येक अवस्थेला एक बिट, एका वेळी त्यातला एकच १) आहे आणि सेन्सरची तीच वायर ‘थांब’ आणि ‘मोज’ या दोन्ही फ्लिपफ्लॉपांच्या (एकेक बिट साठवणाऱ्या घटकांच्या) लॉजिकमध्ये गेली आहे. खरी गोम तिथे आहे. दोन्हीकडे पोचायला लागणारा वेळ अगदी सारखा कधीच नसतो. नेमका क्लॉकच्या काठावर सिग्नल बदलला, तर ‘थांब’ला १ दिसतो आणि ‘मोज’ला अजून ०. पहिला आपली जागा सोडतो, दुसरा ती घेतच नाही. सगळे बिट शून्य, आणि तिथून परतीची वाट तुमच्या कोडमध्ये नाही.

आता हिशेब बघा. दोन वाटांमध्ये ०.०५ नॅनोसेकंदाचा फरक धरा. क्लॉकचा काळ २० नॅनोसेकंद, म्हणजे ४०० पिकांत एकदा घोळ. मिनिटाला १५० पिक, म्हणजे सरासरी पावणेतीन मिनिटांनी. तुमच्या तक्रारीशी चोख जुळतं! मेटास्टेबिलिटी इतक्या वेळा भेटायला येत नाही.

पण ती खोटीही नाही. सेटअप-होल्डच्या खिडकीत (क्लॉकच्या काठाच्या जरा आधी आणि नंतर) सिग्नल हलला तर फ्लिपफ्लॉप काही काळ त्रिशंकू राहतो, ना ० ना १. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या चेनी आणि मोल्नर यांनी १९७३ साली हे शोधनिबंधात मांडलं. ही अवस्था टाळता येत नाही, तिला निवळायला वेळ द्यायचा एवढंच हातात असतं. निवळण्याचा स्थिरांक ०.१ नॅनोसेकंद असेल, तर एक नॅनोसेकंद जास्त दिल्याने बिघाडाची शक्यता सुमारे २२,००० पटीने घटते. तुमच्याकडे तर क्लॉकचा अख्खा काळ आहे.

म्हणून सेन्सर आधी एकामागे एक दोन फ्लिपफ्लॉपांतून न्या, मध्ये एकही गेट नको, आणि दोन्ही जवळजवळ बसवा. पुढे सगळीकडे दुसऱ्या फ्लिपफ्लॉपचंच आउटपुट वापरायचं. तोच सिग्नल दोन ठिकाणी वेगवेगळा सिंक्रोनाइझ केलात (क्लॉकशी जुळवून घेतलात) तर मूळ दुखणं परत येईल. (कोडमध्ये नुसतं ‘डिफॉल्ट’, म्हणजे सगळे बिट शून्य अशा अनपेक्षित अवस्थेतून परतीची वाट, लिहून निर्धास्त होऊ नका. त्या अवस्थेत मशीन जाऊच शकत नाही असं समजून कोडचं सर्किट बनवणारं टूल बऱ्याचदा ते उडवून टाकतं.) कपॅसिटर काढा. त्याने सिग्नलची कड (० वरून १ वर जाणं) मंद होते, आणि मंद कडेवर विजेचा गोंगाट जास्त सतावतो.

डिस्प्लेचं दुखणं वेगळं आहे. १२७ वरून १२८ ला जाताना आठही बिट एकदम पलटतात, आणि दुसऱ्या क्लॉकने तेवढ्यात वाचलं तर ० ते २५५ मधलं काहीही हाती लागतं. प्रत्येक बिटाला वेगळी फ्लिपफ्लॉपांची जोडी लावणं हा इथला नेहमीचा चुकीचा उपाय. आकडा आधी ग्रे कोडमध्ये बदला आणि तो थेट रजिस्टरमधून बाहेर काढा, मग जोड्या लावा. ग्रे कोडमध्ये पावलागणिक एकच बिट हलतो, त्यामुळे वाचलेला आकडा फार तर एक पिक मागचा असेल.