तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : अमेरिकेच्या जनरल मॅथ्यू रिजवेच्या छातीवर फोटोत कायम हातबॉम्ब दिसतो, ती नुसती स्टाईल होती का? आणि कोरियन युद्धातले सरसेनापती जनरल मॅकआर्थर यांच्या जागी हाच आला ना?

उत्तर : हो, हाच. हातबॉम्ब मात्र एकच हां, दुसऱ्या बाजूला लोकांना जो दुसरा वाटायचा ते फर्स्ट एडचं पाकीट होतं! थोडा शो असेलही, पण माणूस नुसता शोचा नव्हता, १९४४ला ८२व्या एअरबोर्न (छत्रीधारी सैनिकांच्या) डिव्हिजनचा प्रमुख असून फ्रान्समधल्या नॉर्मंडीत स्वतः पॅराशूटने उतरला होता. डिसेंबर १९५०मध्ये कोरियात जनरल वॉकर जीप अपघातात गेले आणि मार खाऊन मागे सरकणारी अमेरिकेची आठवी आर्मी याच्या हातात आली. जानेवारीत दक्षिण कोरियाची राजधानी सोल शत्रूच्या हाती गेलंच, पण यानं पुढे जाऊन जवानांना भेटणं, गरम जेवण, हातमोजे असल्या साध्या गोष्टींत लक्ष घातलं, तोफखान्याचा मारा वाढवला आणि मार्चमध्ये सोल परत घेतलं. एप्रिल १९५१मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी मॅकआर्थरना काढलं आणि याला बसवलं. मला विचाराल तर त्याचं खरं धाडस १९५४चं, लष्करप्रमुख असताना व्हिएतनाममध्ये फ्रेंचांच्या मदतीला अमेरिकेनं युद्धात उतरायला त्यानं चक्क विरोध केला. १९९३ला गेला, ९८ वर्षांचा होऊन.