लिंबू-सोड्याच्या नादी लागू नकोस

अगं, लग्न तोंडावर आलंय म्हणून दात पांढरे करायला लिंबू आणि खाण्याचा सोडा चोळत बसू नकोस. लिंबाच्या आम्लाने दाताचं वरचं कडक आवरण, म्हणजे इनॅमल झिजतं, ते परत येत नाही. त्याखालचा थर, डेंटिन, मुळातच पिवळसर, म्हणजे दात आणखीच पिवळे दिसणार. आणि आजीची मिश्री? तो तर तंबाखूच, नावही काढू नकोस.

ऑफिसखालची कटिंग सुटणार नाही, ठाऊक आहे. प्यायल्यावर साध्या पाण्याने खळखळून चूळ भर. कोकम सरबत आंबट, त्यानंतर मात्र अर्धा तास ब्रश नको. मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट, दोन्ही वेळा 2 मिनिटं.

हिरड्यांलगत जिभेला खडबडीत लागतं ते कीटण, घासून जात नाही. मुंबई सेंट्रलला नायर दंत रुग्णालयात स्केलिंग, म्हणजे ते कीटण काढून घे, खासगीपेक्षा स्वस्त पडतं. रांग असते, लवकर जा.